काकांचं आडनाव नीट लिहिणाऱ्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, तरी ताईच म्हणते. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, ते पाळते. आभार मात्र चारचौघांतच मानणार, कारण इतकी वर्षं आमची अडचणही चारचौघांनीच पाहिली आहे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या ‘ड’ वर्गातल्या वाचनालयात काल आठवीतली एक मुलगी आली. सह्याद्रीवर प्रकल्प करायचा होता. तिने संगणकावर ‘दऱ्या’ लिहिलं आणि अकरा पुस्तकं समोर आली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र भरून आलं. वर्षापूर्वी हाच शब्द टाकला की ‘नोंद सापडली नाही’ असं यायचं, आणि पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात असायचं.

हे का होतं, ते मला पहिल्यांदा तुम्ही समजावलंत. आपला ‘ऱ्य’ पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण आत तो वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेला असतो. कुणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कुणी साध्या र्‌ नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालतं. डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला दोन. तीच गत ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ची. दहा हातांनी केलेल्या नोंदींत दहा सवयी असणारच. पण तुमच्याआधी जो भेटला त्याने “तुमच्या बायकांनी टायपिंग नीट करायला हवं होतं” एवढंच सांगितलं.

त्या आधीच्या मंडळींबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. आगाऊ रक्कम घेतली, जुन्या फॉन्टमध्ये साडेसात हजार नोंदी करून घेतल्या, आणि करार संपल्यावर आमच्याच नोंदी बाहेर काढून द्यायला पुन्हा पैसे मागितले. फॉन्ट बदलला की अक्षरांचा नुसता चिखल दिसायचा. पुस्तकं आमची, कष्ट आमचे, आणि किल्ली त्यांच्या खिशात. पुढे एक गृहस्थ ‘समाजकार्य म्हणून करतो’ म्हणाले, हार-नारळ घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत.

म्हणून तुम्ही कोहा हे वाचनालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर बसवून दिलंत आणि मराठी शोधासाठी प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहायला सात वाचनालयांनी मिळून वर्गणी काढू या म्हणालात, तेव्हा सभेत पहिला प्रश्न आला, “सॉफ्टवेअर फुकट आहे तर पैसे कसले?” तुम्ही चिडला नाहीत. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या वाचनालयाने स्वतःच्या गरजेसाठी हे बनवून घेतलं आणि जगाला मोकळं करून दिलं, म्हणून आज आपल्याला मिळतंय, असं सांगितलंत. कोहा म्हणजे माओरी लोकांत पाहुण्याने यजमानाला द्यायची भेट, जिची कधीतरी परतफेड व्हायची असते. आमच्या अध्यक्षबाई लगेच म्हणाल्या, “म्हणजे आहेरच की!” मग २००२ सालचं ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरचं सांगितलंत. सात आठवड्यांत लोकांनी एक लाख युरो जमवून ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी सोडवून घेतलं होतं. पुण्याला वर्गणी काय शिकवायची! दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून पावतीपुस्तक आणलं.

ज्यांच्याकडून आशा होती त्यांतले बरेच जण “आम्ही भरायचे आणि बाकीच्यांनी आयतं वापरायचं?” म्हणून गप्प बसले. पैसे आले ते शंभर-दोनशेच्या पावत्यांनी. आमच्या शिपाईकाकांनी एक्कावन्न रुपये दिले. ते संगणकाला हात लावत नाहीत, पण पुस्तक कपाटातून शोधून काढायला शेवटी तेच धावतात.

आणि आता ज्यासाठी हे पत्र, ते. काम चालू असताना एका रात्री साडेदहाला तुमचा फोन आला. वाटलं, काही बिघडलं. तुम्ही विचारलंत, “काकांचं आडनाव ते स्वतः कसं लिहितात?” कोहात काम नोंदवताना ते कुणाच्या पैशाने झालं याची ओळ लिहिण्याची पद्धत आहे. तुम्ही तीच इथे पाळलीत, आणि रकमेप्रमाणे वर-खाली न लावता सगळी नावं एका ओळीने घातलीत. काकांच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे. कऱ्हाडे, गोऱ्हे असली आडनावं असणाऱ्यांना ठाऊक आहे, रेशनकार्डापासून वीजबिलापर्यंत त्या अक्षराची काय दशा होते. तुम्ही त्यांना फोन द्यायला लावलंत, आडनाव दोनदा वाचून दाखवलंत, आणि शोध नीट चालतो का याची पहिली चाचणी त्याच आडनावावर घेतलीत.

एक्कावन्न रुपये देणाऱ्याला रात्री फोन करून नाव विचारणारं माणूस मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. आमच्याकडे हजार रुपये देणाऱ्याची संगमरवरी पाटी लागते आणि झाडणाऱ्याला नावाने हाकही मारत नाहीत. तुम्ही उरलेले पैसे हिशेबासकट परत केलेत, तेही मोठंच. पण मला आठवतो तो फोन. काकांनी तो कागद धरावा तसा दोन्ही हातांत धरला होता.

नावांची ओळ असलेलं ते पान मी त्यांना छापून दिलं. चार घड्या घालून ते सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि जो भेटेल त्याला दाखवतात. दाखवताना बोट आपल्या नावावर नाही, त्या ‘ऱ्ह’वर ठेवतात.

कालच एका वाचनालयाने तुमचं प्लगइन उतरवून घेतल्याचं कळवलं. वर्गणीत ते नव्हतं. आमच्या सभेत या वेळी कुणी काही बोललं नाही, उलट ‘त्यांना अडलं तर आपण सांगू’ असं ठरलं.

येत्या शनिवारी संध्याकाळी या. काका अमृततुल्यातून चहा आणणार आहेत, आणि पैसे तेच देणार असं त्यांनी मला आधीच बजावून ठेवलंय.

आपली,
ग्रंथपाल