आलिशान वसाहतींच्या फाईलवर सही करण्याआधी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

खासगी आलिशान वसाहतींना झटपट मंजुरी आणि करसवलत देण्याचा प्रस्ताव आपल्या टेबलावर आहे. श्रीमंतांनी महागडी घरं बांधू नयेत असं माझं म्हणणं नाही. ज्याचा पैसा, त्याची हौस. माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे.

गुंतवणूक, रोजगार आणि परकीय चलन, या तीन आकड्यांवर असे प्रस्ताव उभे असतात. गुंतवणुकीचा आकडा फुगतो, कारण त्यात बहुतेकदा जमिनीची किंमतही धरलेली असते. जमीन आधीपासून तिथेच होती. ती या हातातून त्या हातात गेली म्हणून देशाचं उत्पादन वाढत नाही. रोजगार खरा, पण त्यातला मोठा भाग बांधकाम संपेपर्यंतचा. शिवाय घर जितकं महाग, तितका परदेशी संगमरवर, लिफ्ट आणि नळांचा वाटा मोठा. तेवढ्याच पैशात साधी घरं बांधली, तर विटा, सळई आणि गवंडीकामावर जास्त खर्च होतो आणि तो पैसा देशातच फिरतो.

परकीय चलनाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इजिप्तने भूमध्य समुद्रावरच्या रास अल-हिकमाच्या विकासाचे हक्क अबू धाबीच्या सरकारी गुंतवणूक कंपनीला दिले आणि ३५ अब्ज डॉलरचा करार केला. डॉलरविना गुदमरलेल्या देशाला त्यामुळे श्वास घेता आला, हे कबूल. पण त्यातले ११ अब्ज डॉलर इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेत आधीपासूनच ठेव म्हणून पडून होते. आणि किनारा एकदाच देता येतो. मालदीवची रीत निराळी आहे. तिथे २०१५ पासून पर्यटकाकडून प्रत्येक दिवसामागे हरित कर घेतला जातो. सुरुवातीला तो ६ डॉलर होता, २०२५ पासून रिसॉर्टमध्ये १२ झाला. पाहुणा राहतो तितके दिवस सरकारला उत्पन्न मिळतं. कुलूप लावून ठेवलेल्या बंगल्यातून असं काहीच मिळत नाही.

कुलपांचा विषय निघालाच आहे, तर मलेशियातलं फॉरेस्ट सिटी पाहा. जोहोरच्या किनाऱ्यावर भराव घालून बेटं तयार केली, सात लाख लोक राहतील असं सांगितलं, प्रकल्पाची किंमत १०० अब्ज डॉलर सांगितली. ग्राहक म्हणून डोळ्यांसमोर होते ते मुख्यतः चिनी गुंतवणूकदार. चीनने देशाबाहेर पैसा नेण्यावर निर्बंध कडक केले आणि विक्री कोसळली. २०२३ मध्ये विकासक कंपनी कंट्री गार्डनने परदेशी कर्जाचे हप्ते थकवले. ठरल्याच्या तुलनेत मूठभर लोक तिथे राहतात. किनाऱ्यावरचं समुद्री गवत आणि तिथली मासेमारी यांचं नुकसान व्हायचं ते झालंच. शेवटी सरकारलाच तिथे खास वित्तीय क्षेत्र करून २०२४ मध्ये त्यासाठी करसवलती जाहीर कराव्या लागल्या. खासगी धाडस फसलं की सवलत सार्वजनिक तिजोरीतून, हा प्रकार तिथेच काय, कुठेच नवा नाही.

आता मूळ मुद्दा. माळरान रातोरात सोन्याच्या भावाचं होतं, ते विकासकाच्या हुशारीने नव्हे. सरकार रस्ता नेतं, पाणी देतं, जमिनीचा वापर बदलतं, चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल ती मर्यादा, वाढवून देतं. भाव त्यामुळे चढतो. मग ती वाढ कुणाची? ब्राझीलच्या साओ पाउलो शहराने याचं उत्तर शोधलं. ठरावीक भागांत जास्त मजले बांधायचे असतील, तर विकासकाने महापालिकेकडून लिलावात बांधकाम हक्कांचे रोखे विकत घ्यायचे. २००४ पासून हे लिलाव होत आले आहेत. ते पैसे त्याच भागात खर्च करण्याचं बंधन आहे. त्यातला फार मोठा वाटा रस्ते-पुलांनी खाल्ला, गरिबांची घरं मागे पडली, ही टीका रास्तच आहे. तरीही जार्डिम एडिटे या झोपडवस्तीच्या जागी, महागड्या कार्यालयांच्या शेजारी, तिथल्या रहिवाशांसाठी पक्की घरं उभी राहिली. करसवलत देऊन हे झालं नसतं.

म्हणून सवलतीचं कलम प्रस्तावातून काढून टाका. वाढीव बांधकाम हक्क लिलावाने विका. रिकाम्या घरांवर दरवर्षी कर लावा. कॅनडातलं व्हँकूवर तो २०१७ पासून लावतं आहे, आणि ते तर श्रीमंत देशातलं शहर.

आणि प्रत्येक फाईलला एक पान जोडायला सांगा. परवानगीआधी जमिनीचा भाव किती होता, नंतर किती होईल, आणि त्या फरकातला किती हिस्सा सरकारजमा होणार, एवढंच त्यावर असावं. ते पान सहीच्या महिनाभर आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात. विकासक व्यावसायिक गुपिताचं कारण पुढे करील. त्याला आपल्या नफ्याचा आकडा गुप्त ठेवायचा असेल तर खुशाल ठेवू द्या, पण परवानगी सरकार देतं आणि तिची किंमत काय ठरली हे लोकांना कळलं पाहिजे. ज्या फाईलला हे पान नसेल, ती सही न करता परत पाठवावी, ही विनंती.

आपला,
एक करदाता