ळ शेवटी आला तरी अनुप्रासच

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली होऊन विचारलंस, "आई, 'करि डळमळ भूमंडळ सिंधुजळ गगनी' यात अनुप्रास कुठंय? एकाही शब्दाची सुरुवात सारखी नाही." भाकरी तव्यावर होती, धड बोलता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

तुझी गल्लत कुठे झाली ते कळलं मला. इंग्रजीच्या तासाला अलिटरेशन शिकलात, तिथे सहसा शब्दाच्या सुरुवातीचा आवाज बघतात. तोच नियम तू मराठीला लावलास. आपल्या अनुप्रासाला ही अट नाही. अक्षर आरंभी येवो, मधे येवो की शेवटी, ते पुन्हा पुन्हा येऊन कानात नाद उमटला की झालं.

आता ती ओळ म्हण. मनातल्या मनात नको, मोठ्याने म्हण. मारुतीची ही आरती लहानपणापासून टाळ्या वाजवत म्हणतेस तू. तीन शब्दांत चार वेळा ळ आलाय. ळ म्हणताना जीभ मागे वळते आणि झटक्याने पुढे येते. पृथ्वी हलतेय हे सांगताना रामदासांनी म्हणणाऱ्याची जीभच हलवलीय. मला हे फार आवडतं. पुढच्याच ओळीत 'कडाडिले ब्रह्मांड' येतं, तिथलं काम वेगळं. कडाडणं हा शब्दच 'कडाड्' या आवाजातून आलाय. अनुप्रासाला दोन-चार शब्दांची सोबत लागते, ध्वन्यनुकारी शब्द, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा शब्द, एकटाच वाजतो. दोन्ही एकत्र हवेत? 'काकूंनी काकांच्या कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले.' सगळीकडे क, आणि 'कराकरा'त कात्री.

या वाजणाऱ्या शब्दांत मराठी किती बारकावा ठेवते बघ. पहिल्या पावसात पागोळीचा एक थेंब बादलीत टपकन पडतो. मग टपटप पडत राहतात. जोर वाढला की टपाटप. मूळ आवाज एकच, पण 'कन' लागलं की एकदाच, नुसती जोडी झाली की संथ, मधे 'आ' आला की घाई. पटकन, पटपट, पटापट घे, नाहीतर धडकन, धडधड, धडाधड घे, तिथेही हेच दिसेल. हे तुला कुणी शिकवलं नाही, तरी तू कधी चुकली नाहीस.

आणि जिथे आवाजच नाही तिथेही आपण तो देतो. चांदणी लुकलुकते, भांडं लखलखतं. पाच वर्षांची असताना तुझा गुडघा फुटला होता. औषध लावून मी विचारलं, "ठसठसतंय की चुरचुरतंय?" हुंदके देत तू म्हणालीस, "आधी ठसठसत होतं, आता चुरचुरतंय." मला दुखणं नेमकं कळलं. व्याख्या पाठ कर, मार्कांसाठी लागते, पण उत्तर लिहिण्याआधी ओळ एकदा ओठांवर घोळव. परीक्षेत आवाज न करताही ते जमतं.

यमकाचं रविवारी बोलू.

मामासोबत चकल्यांचा डबा पाठवलाय. चावताना जो आवाज येईल त्याला तुझा तू शब्द शोध, आणि फोनवर आधी तो सांग.

तुझी,
आई