दहा मिनिटं पुढचं घड्याळ

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं, सोबत लेकीची कथाही. तू एका ओळीत विचारलंस, "ही कथा कुठल्या स्पर्धेत पाठवता येईल?" आणि मी उत्तर द्यायचं सोडून कथाच वाचत बसलो. दोनदा वाचली. तेव्हा हे पत्र लांबणार, निवांत वेळ काढून वाच.

आधी कथेविषयी. आजोबा भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात, नमाज चुकू नये म्हणून. घरात सगळ्यांना हे माहीत, त्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो आणि घड्याळ पुढे असून कुणालाच उपयोग नाही. उपयोग फक्त आजोबांना, कारण त्या घड्याळावर विश्वास ठेवणारे ते एकटेच. चौदा वर्षांच्या पोरीला हे सुचलं! मी पेन्सिल खाली ठेवून जरा वेळ नुसता बसलो.

पण त्याच पानावर पुढे दोन परिच्छेद ती असर म्हणजे काय, वजू कसा करतात, दिवसातून किती वेळा नमाज असते, हे समजावत बसली आहे. आजोबा बिचारे घड्याळाखाली ताटकळत उभे! ते दोन्ही परिच्छेद मी आडवी रेघ मारून खोडले आहेत. रागावेल माझ्यावर. रागावू दे.

ती असं का करते हे मला ठाऊक आहे, कारण ही खोड माझीही. लिहायला बसलं की समोर एक अनोळखी परीक्षक येऊन बसतो. त्याला आपल्या घरातलं काही माहीत नाही असं आपण आधीच ठरवून टाकतो आणि मग पाहुण्याला घर दाखवत हिंडावं तसं लिहीत सुटतो. विशीत एका स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, आठवतं? व्यासपीठावर परीक्षक म्हणाले, "यांची मराठी किती शुद्ध आहे बघा!" टाळ्या पडल्या. कथेबद्दल एक अक्षर नाही. ते प्रमाणपत्र मी कधी भिंतीवर लावलं नाही, त्याचं कारण हे. तुला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

म्हणून तुझ्या दुसऱ्या शंकेवर माझं मत आता बदललंय. मुस्लिम लेखकांसाठी वेगळी स्पर्धा म्हणजे वेगळी पंगतच नाही का, असं तू विचारतोस. मलाही तसंच वाटायचं. पण ब्रिटनमध्ये २०१० पासून 'यंग मुस्लिम रायटर्स अवॉर्ड्स' दिले जातात, 'मुस्लिम हँड्स' ही सेवाभावी संस्था ते चालवते. ५ ते १६ वर्षांची मुलं, वयानुसार गट पाडलेले, आणि कथा-कवितेबरोबर पटकथा आणि पत्रकारितासुद्धा. पाच वर्षांच्या पोराने कथा लिहून पाठवायची, कल्पना कर! आपल्या लेकीला तिथे पाठवता येणार नाही, ती स्पर्धा तिथल्या मुलांसाठी आहे. पण अशा ठिकाणी काय होतं ते बघ. तिथे मुसलमान असणं ही बातमीच नसते. आलेल्या ढीगभर कथांत रमजान असतो, आजी असते, हिजाब असतो. मग परीक्षकाला बघावं लागतं ते एवढंच, की हिची आजी तिच्या आजीपेक्षा जिवंत आहे का. समजावून सांगायची सवय तिथे आपोआप गळून पडते. पोरांना सुरुवातीला असा एखादा वर्ग मिळावा. तिथेच मुक्काम ठोकू नये, हेही खरं.

आता आपल्या पोरीला काय जमेल ते. 'रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी'ची निबंध स्पर्धा १८८३ पासून चालू आहे. कॉमनवेल्थ म्हणजे राष्ट्रकुल देशांतल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, शुल्क नाही. दर वर्षी विषय ठरवून देतात, पण नावात निबंध असला तरी कथा, कविता, पत्र असं काहीही चालतं. इंग्रजीत लिहावं लागतं, एवढीच अडचण. तिने आधी मराठीतच लिहावं आणि मग दोघांनी बसून इंग्रजी करावं, असं माझं म्हणणं. तू नुसता शब्दकोश घेऊन बाजूला बस, पेन हातात घेऊ नकोस. तुझी वाक्यं लगेच ओळखू येतात.

आणि तुझ्यासाठीही एक सुचवतो, मान वेळावू नकोस. 'कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझ' १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. कथा २००० ते ५००० शब्दांची, आधी कुठेही न छापलेली, इथेही शुल्क नाही. इंग्रजीखेरीज बंगाली, तमिळ, मलय, स्वाहिली अशा काही भाषांत मूळ कथाच स्वीकारतात. त्या यादीत मराठी नाही, पण इंग्रजी अनुवाद करून पाठवता येतो, आणि अनुवादित कथा जिंकली तर अनुवादकालाही वेगळं बक्षीस असतं. तुझ्या त्या बासनात बांधून ठेवलेल्या कथांपैकी विहिरीवरची कथा मला अजून आठवते. काढ बाहेर.

अनुवादाला नाक मुरडू नकोस. इंग्रजीत अनुवादित पुस्तकांना दिलं जाणारं 'इंटरनॅशनल बुकर' २०२५ साली बानू मुश्ताक यांना मिळालं ते कन्नड कथांसाठी. बाई वकील आहेत, त्या संग्रहातल्या कथा तीसेक वर्षांत मिळून लिहिलेल्या. कथासंग्रहाला ते पारितोषिक पहिल्यांदाच मिळालं. ५० हजार पौंड, त्यातले निम्मे अनुवादक दीपा भास्ती यांचे. कुणी म्हणेल ही मोठ्यांची गोष्ट. पण बाई कथा लिहीत होत्या तेव्हा कुठलंच बुकर डोळ्यांपुढे नव्हतं. मुस्लिम घरांतल्या बाया त्यांना नीट माहीत होत्या आणि त्यांच्यावर त्या वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या.

दुसरं नाव लैला अबूलेला यांचं. मूळच्या सुदानच्या, शिक्षण संख्याशास्त्राचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला गेल्या आणि तिथे लिहू लागल्या. आफ्रिकी लेखकांसाठीचं 'केन प्राइझ' २००० साली पहिल्यांदा दिलं गेलं, ते त्यांच्याच कथेला. कथेत एक सुदानी विद्यार्थिनी वर्गातल्या स्कॉटिश मुलाबरोबर संग्रहालय बघायला जाते. तिथे काचेमागे आफ्रिका मांडून ठेवलेली, आणि त्या आफ्रिकेत तिला स्वतःची अशी एकही गोष्ट सापडत नाही. पोरीला ही कथा जरूर वाचून दाखव. मी तिचे दोन परिच्छेद का खोडले, ते तिला माझ्या सांगण्यापेक्षा त्या कथेतून लवकर कळेल.

नियमांचं मात्र तू बघ, तो पोरांचा प्रांत नव्हे. शुल्क मागितलं म्हणजे फसवणूकच असं नाही, पण शुल्क आहे आणि परीक्षकांची नावं कुठेच नाहीत, मागच्या विजेत्यांच्या कथा कुठे वाचायला मिळत नाहीत, तर लांबूनच सलाम ठोक. आणि 'पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे' असं बारीक अक्षरात असतं ते शोध. जिंकलेली कथा एकदा छापण्याचा हक्क मागणं रास्त आहे. न जिंकलेल्या शेकडो कथांचेही हक्क कायमचे घेऊन टाकणं, याला काय म्हणायचं तूच ठरव.

आणखी एक. लेकीने पानापानावर वेलबुट्टी काढून आपलं नाव लिहिलंय. फार गोड दिसतं, पण बऱ्याच स्पर्धांत कथेवर नाव चालत नाही, कथा बाद होते. नाव फक्त अर्जात. मला हा नियम आवडतो. निदान वाचून होईपर्यंत नावावरून कुणी काही ठरवत नाही. अर्थात आपलं नाव झाकलं तरी पात्रांची कशी झाकणार? ती झाकूही नयेत. एका मुलाने परीक्षकांना आवडावं म्हणून आपल्या कथेतल्या सलीमचा समीर केला होता. कथा बरी होती, पण समीरच्या तोंडी शेवटपर्यंत 'अम्मी' राहून गेलं. तो मुलगा मीच, हे तू ओळखलं असशीलच.

कथा परत पाठवतोय, खुणा केलेली. दुसरा खर्डा झाला की थेट मला पाठवायला सांग, तुझ्या हातून नको. तू शुद्धलेखन सुधारतोस आणि आजोबांची भाषा पुस्तकी करून टाकतोस.

वहिनींना सलाम, पोरीला शाबासकी.

तुझाच,
जुना कथास्पर्धक

ता. क. दुसऱ्या पानावर घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे आणि पाचव्या पानावर पंधरा. चूक आहे, की मधल्या काळात आजोबांनी काटा आणखी सरकवला? सरकवला असेल तर का, ते विचार तिला. मला तुझं उत्तर नको, तिचं हवं.