मांडलेल्या मराठी मजकुरावरून चालताना अक्षर तुटू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवर बातमीचा मथळा लांबला की तो पुष्कळदा ‘महाराष्ट्…’ असा अर्ध्या अक्षरावर तुटलेला दिसतो. मुलांना वाचन शिकवणाऱ्या काही अॅपमध्ये शब्दावर रंग सरकत जातो तेव्हा आधी नुसती वेलांटी रंगते आणि तिचे व्यंजन मागे राहते. अशा वेळी दोष फॉन्टला दिला जातो, किंवा संगणकाला मराठी नीट येत नाही असे म्हणून विषय सोडून दिला जातो. मी अक्षरमांडणीच्या प्रणालींवर काम करते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा फॉन्ट निर्दोष असतो आणि मजकूर मांडणारी लायब्ररीही (म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) आपले काम चोख करते. चूक होते ती त्यानंतर, म्हणजे मांडून झालेल्या मजकुरावरून प्रोग्रॅम एकेक पाऊल पुढे सरकतो तेव्हा. हे पाऊल केवढे असावे याचा विचार मराठीसाठी केलेला नसतो, म्हणून हे पत्र.

उदाहरणासाठी पँगो ही लायब्ररी घेते. ती मुक्त स्रोत आहे, लिनक्सवरील जीनोम या डेस्कटॉपवरचा मजकूर तीच मांडते आणि इंकस्केप व गिंप ही चित्रकामाची सॉफ्टवेअरही तीच वापरतात. शब्दातल्या वर्णांसाठी, म्हणजे संगणक सुटी सुटी साठवतो त्या व्यंजन, काना, वेलांटी अशा चिन्हांसाठी, फॉन्टमधील योग्य आकार निवडून ते जागच्या जागी बसवण्याचे काम पँगो हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडून करून घेते. परिच्छेदाची मांडणी पूर्ण झाली की तिच्यावरून फिरण्यासाठी पँगो एक आयटरेटर, म्हणजे पावलापावलाने पुढे सरकणारा दर्शक, देते. तो ओळीओळीने, रनरनाने, क्लस्टरने किंवा वर्णावर्णाने पुढे नेता येतो. एक फॉन्ट, एक लिपी आणि एक दिशा असलेला सलग तुकडा म्हणजे रन. क्लस्टर म्हणजे चित्र म्हणून ज्याचे आणखी तुकडे करता येत नाहीत असा आकारांचा गट. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वर्णावर्णाने जाणे सर्वांत सोपे आणि स्वाभाविक वाटते, कारण इंग्रजीत वर्ण आणि डोळ्यांना दिसणारे अक्षर बहुधा एकच असते.

मराठीत तसे नसते. ‘स्थिती’ या शब्दातले पहिले अक्षर पाहावे. संगणकाच्या स्मृतीत ते स, पाय मोडण्याची खूण, थ आणि ऱ्हस्व वेलांटी या क्रमाने चार वर्णांत साठवलेले असते. पडद्यावर मात्र चौथ्या क्रमांकाची वेलांटी सर्वांत डावीकडे येते, तिच्यानंतर अर्धा स आणि मग थ. हा क्रमबदल हार्फबझ करते आणि हे चारही वर्ण मिळून एकच क्लस्टर होते. आता आयटरेटरला प्रत्येक वर्णाची चौकट विचारली, तर पँगो त्या क्लस्टरची रुंदी वर्णसंख्येने भागून चार सारख्या पट्ट्या परत करते. म्हणजे ‘स’ म्हणून मिळालेली पहिली पट्टी प्रत्यक्षात वेलांटीच्या दांड्यावर पडते आणि ‘वेलांटी’ म्हणून मिळालेली चौथी पट्टी थच्या उजव्या अंगावर. वाचनाच्या अॅपमध्ये रंग भलत्याच जागी चढतो तो असा. यात पँगोने कोणाची फसवणूक केलेली नाही. वर्णासाठी केवळ तार्किक चौकट (मांडणीच्या हिशोबात धरलेली जागा) देता येते आणि प्रत्यक्ष शाईची चौकट क्लस्टरच्या खाली अर्थपूर्ण राहत नाही, असे तिच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. ती ओळ वाचून त्याप्रमाणे प्रोग्रॅम लिहिला तर हा दोष उद्भवणारच नाही.

मथळ्याच्या दोषाचे गणितही पाहण्यासारखे आहे. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ‘महाराष्ट्र’ हा शब्द ३० बाइटचा (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे एकक) होतो, कारण त्यातला प्रत्येक देवनागरी वर्ण तीन बाइट घेतो. जगातल्या लिप्यांतील वर्णांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या हिशोबाने त्यात १० वर्ण आहेत. वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरे चारच आहेत: म, हा, रा, ष्ट्र. विसाव्या बाइटवर कात्री चालवली तर ‘महाराष’ उरते आणि त्यापुढे तुटलेल्या बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हाची खूण येते. सातव्या वर्णावर तोडले तर ‘महाराष्’ उरते, आठव्यावर तोडले तर ‘महाराष्ट’. शेवटचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात काही मोडल्यासारखे दिसतच नाही आणि चुकीचा शब्द बिनबोभाट छापला जातो. व्यक्तीच्या नावाच्या बाबतीत असे झाले, तर कागदोपत्री ते नावच बदलते.

यावर ‘मग सगळीकडे क्लस्टरने चाला’ एवढे सांगून भागत नाही, कारण क्लस्टर ही चित्राची एकके आहेत, भाषेची नव्हेत. एखाद्या फॉन्टमध्ये ‘स्त’ हे अक्षर अर्धा स आणि पूर्ण त अशा दोन सुट्या आकारांनी काढलेले असेल, तर क्लस्टरची सीमा त्या दोहोंच्या मधोमध येऊ शकते; दुसऱ्या फॉन्टमध्ये तेच जोडाक्षर एकसंध असेल तर ती येणार नाही. त्यामुळे रंग भरणे, अधोरेखन करणे, चौकट काढणे अशा चित्राच्या कामांना क्लस्टरच्या खाली कधीही जाऊ नये. आणि मजकूर तोडणे, अक्षरे मोजणे, कर्सर हलवणे अशा वाचकाशी संबंधित कामांना अक्षराची सीमा वेगळी विचारून घ्यावी. पँगो मांडणीतल्या प्रत्येक वर्णस्थानासाठी ‘येथे कर्सर थांबू शकतो की नाही’ ही माहिती ठेवते. आयटरेटरकडून मिळणारा बाइटचा क्रमांक त्या माहितीशी जुळवून घेतला की काम होते. मात्र ही माहिती वर्णांच्या क्रमाने असते आणि आयटरेटरचा क्रमांक बाइटचा असतो. हे रूपांतर विसरल्यामुळे इंग्रजी मजकुरावर अचूक चालणारा प्रोग्रॅम मराठी आल्यावर भरकटतो.

अक्षराच्या सीमेबाबत युनिकोडचा सर्वसाधारण नियमही फार काळ आपल्या सोयीचा नव्हता. पूर्वीच्या नियमाप्रमाणे ‘ष्ट्र’ हे एक अक्षर न मानता ष्, ट् आणि र असे तीन तुकडे मानले जात आणि ‘महाराष्ट्र’ची अक्षरे सहा होत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती यांसारख्या काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम दाखल झाला आणि हिशोब चारवर आला. मात्र जुन्या आवृत्तीवर बेतलेली सॉफ्टवेअर अजून वापरात आहेत, त्यामुळे नियम बदलला म्हणजे पडद्यावरचे चित्र बदलले असे गृहीत धरू नये.

रननुसार फिरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी ओघात सांगते. पँगोत प्रत्येक ओळीच्या शेवटी आयटरेटर एका रिकाम्या रनवर थांबतो, त्याची दखल न घेतल्यास प्रोग्रॅम तेथेच कोसळतो. शिवाय मजकूर किंवा स्तंभाची रुंदी बदलून मांडणी नव्याने झाली की जुना आयटरेटर निरुपयोगी होतो आणि नवा मागवावा लागतो. या अडचणी मराठीपुरत्या नाहीत. पण मराठी बातमीत रोमन लिपीतली नावे आणि आकडे मिसळलेले असल्याने एका ओळीत रन अनेक होतात आणि असे दोष लवकर उघडे पडतात.

महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली, हे महत्त्वाचे काम होते. अक्षर कसे दिसावे हे ठरले, तसे ते प्रोग्रॅमने कोठे तोडू नये हेही ठरवून घ्यायला हवे, आणि त्यासाठी नवी लायब्ररी लिहिण्याची गरज नाही. शासकीय कार्यालये, पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या संस्था आणि आपल्यासारखी वृत्तपत्रे जेव्हा सॉफ्टवेअर बनवून घेतात, तेव्हा काम स्वीकारण्यापूर्वीच्या चाचणीत काही मोजके शब्द असावेत: ‘महाराष्ट्र’, ‘स्थिती’, रफारासाठी ‘कीर्ती’, आणि ‘ऱ्य’सारख्या खास मराठी जोडणीसाठी ‘दुसऱ्या’. प्रत्येक शब्द प्रत्येक रुंदीला तोडून पाहावा, त्याच्या प्रत्येक अक्षरावर रंग चढवून पाहावा आणि कर्सर दोन्ही दिशांनी चालवून पाहावा. मथळे तोडताना वर्ण मोजण्याऐवजी उपलब्ध रुंदी लायब्ररीला सांगावी आणि टिंबे कोठे द्यायची हे मांडणी झाल्यावर तिलाच ठरवू द्यावे. पँगोत ही सोय तयार आहे. आपल्या वृत्तपत्राच्या तांत्रिक विभागाने आपल्या मोबाइल आवृत्तीवर ही चाचणी घेऊन तिचा निष्कर्ष याच स्तंभात प्रसिद्ध करावा, अशी माझी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे