शिलाई मशीन आणि आपला ऑक्टोपॅड

डोंबिवली,
१४ जुलै

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

दोन वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल काय बोलायचे ते बोल, पण आधी पत्र पूर्ण वाच. आमच्याकडे सर्व ठीक आहे. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत आणि माझा रक्तदाब गोळीवर आहे. लिहिण्याचे कारण वेगळे आहे आणि आपल्या वाद्य पथकाच्या लालबागच्या त्या खोलीत बसलेल्यांखेरीज ते कोणाला सांगून उपयोग नाही.

मैथिली आता रॅप लिहिते, आणि तेही मराठीत. गेल्या रविवारी तिने लॅपटॉपवर स्वतः बसवलेला ठेका मला ऐकवला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "हे तर शिलाई मशीन चालल्यासारखे वाटते." शब्द बाहेर पडताक्षणी तू आठवलास. पथकाच्या शिल्लक पैशांतून जुने ड्रम मशीन घेऊ या, असे तू म्हणालास तेव्हा सर्वांसमोर मी हेच दोन शब्द वापरले होते, आणि तू काठ्या खाली ठेवून उठून गेलास. मैथिली उठून गेली नाही. "मग काय बदलू ते सांग," असे तिने विचारले, आणि मला काही सांगता येईना.

त्यानंतरचा आठवडा मी रोज रात्री हेच वाचत आणि ऐकत बसलो आहे. रॉजर लिन याने १९८० साली आपल्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ठोके किंचित मागे सरकवण्याची सोय, म्हणजे स्विंग, केली होती, आणि पुढे १९८८ च्या एमपीसी-६० या पॅडवाल्या बीट-यंत्रातही ती आली. अशा यंत्रात ठोके भरायची सोळा घरांची ओळ म्हणजे आपल्या केरव्याच्या आठ मात्रांची दुगुणच समज. स्विंगचा आकडा ५० वर असला की जोडीतला दुसरा ठोका बरोबर मधोमध पडतो. ६६ वर नेला की तो दोन-तृतीयांशावर सरकतो, म्हणजे केरवा दादऱ्याकडे झुकू लागतो. आम्ही ५७ वर थांबलो, हाय-हॅटचे, म्हणजे त्या झांजेच्या जोडीचे, एकाआड एक ठोके हलके केले, आणि ठेका चक्क चालू लागला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जे डिला या हिप-हॉपचे ठेके बनवणाऱ्या अमेरिकन कलाकाराचे एमपीसी-३००० आज जपून ठेवले आहे. ठोके आपोआप सरळ करणारी सोय बंद ठेवून तो हाताने वाजवत असे, असे सांगतात. यंत्र वाजवणारा माणूसच असतो, हे तू तेव्हा सांगत होतास आणि मी ऐकले नव्हते. झाले, एकदाचे लिहून टाकले. आता हे पत्र बाकीच्यांना दाखवू नकोस.

खरी अडचण खरेदीची आहे. हाताशी १५,००० रुपये आहेत. दादरच्या एका दुकानदाराने ६१ पट्ट्यांचा कॅसिओ-छाप कीबोर्ड आणि त्यातले तयार ठेके पुढे केले. पट्टी हळू दाबली काय आणि जोरात दाबली काय, आवाज तेवढाच. तशा कीबोर्डावर लग्नातली गाणी निभावतील, बीट बनवताना नाही. मैथिलीच्या मनात अकाईचा एमपीके मिनी आहे. त्याला २५ छोट्या पट्ट्या आणि बोटांनी ठोकायचे आठ पॅड आहेत, दाब त्यांना कळतो, आणि वीज यूएसबी केबलमधूनच मिळते. परंतु त्याच्या पोटात स्वतःचा आवाज नाही, तो लॅपटॉपकडून घ्यावा लागतो, आणि लॅपटॉप माझ्या ऑफिसचा असल्यामुळे रोज सकाळी ८:१० च्या लोकलने तो माझ्याबरोबर निघून जातो.

लॅपटॉपशिवाय चालणारी मोठी यंत्रे आपल्या ऐपतीबाहेर आहेत. लहानांत पॉकेट ऑपरेटरचे पीओ-३३ आहे, दोन बारीक (एएए) सेलवर चालणारे आणि आतडी बाहेर काढलेल्या कॅल्क्युलेटरसारखे दिसणारे. त्यात आपण भरून घेतलेले एकूण ४० सेकंदांचे आवाज मावतात. आधी मी हसलो; मग वाचले की १९८७ च्या एसपी-१२०० या तशाच आवाज भरून घेणाऱ्या यंत्रात जेमतेम दहा सेकंद मावत, आणि जागा वाचवण्यासाठी लोक ३३ च्या तबकड्या ४५ च्या वेगाने वाजवून भरून घेत व नंतर यंत्रात सूर खाली आणत. त्या काटकसरीवर न्यूयॉर्कच्या हिप-हॉपचे एक पर्व उभे राहिले. आपणही एका कॅसेटवर तीन मंडळांची गाणी भरत होतोच.

शिवाय हेडफोन घ्यावेच लागतील. टीआर-८०८ या जुन्या ड्रम मशीनचा तो लांब घुमणारा किक, म्हणजे खर्जातला ठोका, लॅपटॉपच्या स्पीकरमधून ऐकू येतच नाही, आणि मैथिली न ऐकता बास वाढवत राहते. मूळ ८०८ ची विक्री १९८३ पर्यंतच झाली, एकंदर सुमारे १२,००० नग. पुढे जुन्या बाजारात स्वस्त झाले म्हणून पोरांच्या हाती लागले. तुझे म्हणणे नेमके हेच होते, की जुने घेऊ, स्वस्तात मिळेल.

म्हणून मी माळ्यावर चढलो. आपण निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेला ऑक्टोपॅड तिथे आहे. तू गेल्यापासून तो माझ्याकडेच राहिला आणि तू कधी विषय काढला नाहीस, याची मला लाज वाटते. त्याच्या मागे मिडी आउट, म्हणजे ठोक्यांचे संकेत दुसऱ्या यंत्राला पाठवणारी जोडणी, आहे. एक साधी मिडी-यूएसबी केबल घेतली तर आठ पॅड फुकटात हाती येतात, रात्री लॅपटॉपला जोडता येतात, आणि दिवसा त्याचे स्वतःचे आवाज आहेतच. मग पॅड नसलेला स्वस्त २५ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि हेडफोन एवढ्यात भागेल. विलंबाची मला थोडी भीती वाटते, काठी पडल्यावर आवाज यायला क्षणभर उशीर होईल अशी. पण विसर्जनात टेम्पोवरचा भोंगा दहा-बारा मीटर पुढे असे, म्हणजे आवाज तीसेक मिलिसेकंद उशिरानेच येत होता आणि तू तरीही सम चुकत नव्हतास. काठीने रॅपचा ठेका वाजवणे मैथिलीला पटेल का, हे तूच सांग. मला वाटते, पटेल.

वहिनींची बदली झाली का? ओंकारचा दहावीचा निकाल चांगला लागला असे कळले, अभिनंदन. कलमांना यंदा मोहोर कसा होता तेही कळव.

ऑक्टोपॅड मैथिलीला द्यायचा तर निम्मी परवानगी तुझी लागते. दुसरे म्हणजे त्याचा अडॅप्टर सापडत नाही. त्याची मधली पिन ऋण असते, त्यामुळे बाजारातला भलताच लावायची हिंमत होत नाही. त्या रात्री रागाच्या भरात तो तू खिशात घालून नेलास, असा माझा अजूनही संशय आहे. असल्यास कुरियरने पाठव.

तुझा,
विजय