तुझ्या गाडीची खबर

प्रिय बाप्या,

चार महिने पत्र नाही, शिव्या घालून झाल्या असतील. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. पण तुझ्या गाडीचं जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? (सहा वर्षं झाली घेऊन, तरी तोंडात ‘तुझी गाडी’च येतं.)

सिग्नलला बंद पडायची. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी खोलली, तर झडपेच्या कडेनं काजळीचा जाड थर. साफ केली, तरी झडप किती उघडी ते मोजणारा सेन्सर मधेच भलतं सांगायचा. शेवटी अख्खी बदलली. स्वतः. हसू नकोस, या वेळी एकही बोल्ट उरला नाही.

किल्ली फिरवली आणि गाडी उभ्याउभ्या १५०० आरपीएमवर! पाय ब्रेकवर, आणि ही किंचाळतेय. दोन दिवस हवा कुठून ओढते ते शोधत बसलो, गॅस्केट दोनदा बदललं. झोपेतही तोच आवाज. मग ईसीयूवरून, इंजिनाच्या कॉम्प्युटरवरून, झालेलं आपलं ते भांडण आठवलं. तू म्हणाला होतास, “पार्ट बदललास, पण ईसीयूला कळवलंस का?” आणि मी, “यंत्राला कसली रे आठवण?”

असते, लेका. जुनी झडप चोंदत गेली तसतशी ईसीयू ती जराजरा जास्त उघडत गेला, आणि तीच सवय नव्या स्वच्छ झडपेला लावली. बंद असताना सेन्सर साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. पण या झडपेचं ‘बंद’ नेमकं कुठे, ते नव्यानं शिकवावं लागतं.

स्कॅनर नव्हता. बॅटरीची मायनस तार अर्धा तास काढून ठेवली. (सगळ्या गाड्यांत एवढ्यानं भागत नाही, ठाऊक आहे, ओरडू नकोस.) मग इंजिन सुरू न करता नुसती किल्ली ऑन, झडप आपली आपण टिकटिकली. नंतर इंजिन तापवून, एसी-दिवे बंद, ॲक्सिलरेटरला पाय न लावता दहा मिनिटं. काटा ११००वर आला, डगमगला, ७५०ला टेकला. तापातून उठलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बोनेटवर हात ठेवून उभा होतो.

तुझ्या बदलीचं कळलं. वहिनींना नमस्कार, पोरीचा निकाल कळव.

एक घोटाळा झालाय. तार काढल्यावर घड्याळ बारावर गेलं, आणि रेडिओच्या सहा बटणांवर तू लावलेली स्टेशनं पुसली गेली. मी ती कधी बदललीच नव्हती. चौथ्यावर कुठलं होतं रे?

तुझा,
अण्णू