'दृश्यम'ला टाळ्या नेमक्या कशाला पडतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'दृश्यम'वरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. गोष्ट थोडक्यात अशी, केबलवाला विजय साळगावकरच्या मुलीला क्लिप दाखवून धमकावणारा मुलगा तिच्या हातून मरतो, तो निघतो पोलीस आयजी मीरा देशमुखचा (तब्बू), आणि विजय प्रेत पुरून, तेव्हा आपण गावात नव्हतोच असा बनाव (अ‍ॅलिबी) रचून घरच्यांना वाचवतो. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त मधलं कापू नका. लेख वाईट नाहीये, पण परत तेच सगळं, पहिला अर्धा भाग संथ, मूळ मल्याळममधला मोहनलाल भारी की हिंदीतला अजय देवगण भारी, तब्बूने कमाल केली, शेवट जबरदस्त. २०१५ ला हिंदी पिक्चर आला तेव्हाही परीक्षणांत साधारण हेच होतं, २०२२ ला दुसरा भाग आला तेव्हाही हेच, फक्त तब्बूच्या जोडीला अक्षय खन्नाचं नाव आलं. पब्लिकने मात्र दोन्ही वेळा टाळ्या पिटल्या. आता टाळ्या पडल्या त्या डोकेबाज स्टोरीला असं तुमच्या लेखात म्हटलंय, ते मला पटत नाही.

मी मालवणकडचा. गोष्ट गोव्यातली, हिरोचं आडनाव साळगावकर, त्यामुळे आमच्या इकडे हा पिक्चर घरचाच असल्यासारखा बघतात, टीव्हीवर कितव्यांदा लागला तरी कोणी उठत नाही. आणि बघून झाला की गजाली (गप्पा) सुरू. या गजालीत मी कॅमेरा, एडिटिंग, पटकथा यांवर एक शब्द ऐकलेला नाही. विषय एकच, त्या बापाने केलं ते बरोबर की चूक. आणि बहुमत कायम एका बाजूला, "तेना चुकीचा काय केल्यान? तुजा चेडू (मुलगी) असता तर?" कोणीतरी दबक्या आवाजात म्हणतो की अरे पण पोलिसांत जाऊन खरं सांगता आलं असतं ना, तर त्याच्यावर सगळे तुटून पडतात, "मेलेल्याची आवसच (आईच) आयजी, आणि ह्यो जातलो थंय कम्प्लेंट देवक!"

माझ्या मते सगळ्या पिक्चरचं मर्म या एका वाक्यात आहे आणि ते एकाही परीक्षणात मी वाचलेलं नाही.

आमच्यात एक गृहस्थ आहेत, सामायिक जमिनीच्या केसपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून अर्धे वकील झालेले (कोकणात असा एक प्रत्येक वाडीत सापडतोच). त्यांनी एकदा सगळं मांडून दाखवलं. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) कलम १०० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३८, बलात्काराच्या इराद्याने हल्ला झाला तर बचाव करताना समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्क लागू होतो. आता तो मुलगा क्लिप दाखवून धमकावत होता, त्याला हल्ला म्हणायचं की नाही यावर वकील भांडले असते हे कबूल. पण मुलगी शाळेतली, म्हणजे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं असतं, आणि तिने मारलं ते क्लिप असलेला मोबाईल फोडायच्या धडपडीत, ठरवून नाही. म्हणजे मुलीचा गुन्हा हलका, खरा गुन्हा बापाचा, पुरावा नाहीसा केला तो, जुनं कलम २०१. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकजण म्हणाला, "ह्या सगळा खरा, पण थंयसर पोचासर तेंका जित्या ठेवल्यानी असता काय?" म्हणजे तिथवर पोचेपर्यंत त्यांना जिवंत ठेवलं असतं का? कायदा बाजूने असून काय, त्या कायद्यापर्यंत जायची वाट पिक्चरमधल्या गायतोंडे नावाच्या पोलिसाच्या टेबलावरून जाते आणि तो गायतोंडे (कमलेश सावंतने तो असा केलाय की अजून डोक्यात जातो) छोट्या पोरीवरसुद्धा हात टाकतो. पडद्यावर त्याला लोकांनी धुतलं तेव्हा थिएटरात शिट्ट्या वाजल्या, त्या कसल्या हुशारीला होत्या?

तर टाळ्या पडतात त्या पोलिस स्टेशनच्या भीतीला. चौथी नापास केबलवाला साहेबांना पुरून उरतो म्हणून आपल्याला बरं वाटतं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना साधी मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायची तरी बरोबर ओळखीचा माणूस न्यावा लागतो. समीक्षकांना 'लॉजिकल चुका' दिसल्या. मृत्यूची खबर द्यायलासुद्धा माणूस घाबरतो आणि ते साडेतीनशे माणसांच्या थिएटरात एकालाही विचित्र वाटत नाही, हे कसं काय नाही दिसलं?

पहिल्या हिंदी 'दृश्यम'चे दिग्दर्शक निशिकांत कामत आज हयात नाहीत, २०२० ला गेले. २००५ च्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये त्यांनी हाच राग दाखवला होता, तिथे कायदा हातात घेणारा बँकेतला साधा माणूस शेवटी मरतो. दहा वर्षांनी 'दृश्यम'मध्ये त्यांचा साधा माणूस सुटतो. गोष्ट मूळ मल्याळमवरून, जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या पिक्चरवरून घेतलेली हे मान्य, पण आपण सुटणाऱ्यालाच जास्त डोक्यावर घेतलं हेही खरं. चीनमध्ये २०१९ ला याचा रिमेक झाला त्यात बाप शेवटी गुन्हा कबूल करतो. आमच्या गजालीत हे सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया, "मगे तिकिटाचे पैशे परत दी म्हणा!"

आणि आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. मी वर लोकांची बाजू घेतली म्हणजे लोक सगळं बरोबरच बघतात असं नाही. त्या मीरा देशमुखला आमच्याकडे सरसकट व्हिलन धरतात. ती तशी वागतेच, अख्ख्या कुटुंबाला कोठडीत मारायला लावते, माफी नाहीच. पण आमच्या वाड्यातल्या गाबीत (मच्छीमार) समाजातल्या एक आजी टीव्हीसमोर बसल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "तिका झिलाचा मडा (मुलाचं प्रेत) तरी दिवक होया होता." त्यावर कोणी काही बोललं नाही, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. होडी परत आली नाही आणि माणूस सापडला नाही की घरच्यांनी कुंकू पुसायचं की वाट बघायची, दिवस घालायचे की नाही, सगळं लटकलेलं राहतं. सात वर्षं बेपत्ता असल्याशिवाय कायदा साधारणपणे माणूस मेला असं धरत नाही. योगायोग बघा, दुसऱ्या भागाची गोष्टही सात वर्षांनीच सुरू होते आणि तिथे त्या आईबापांना मुलाची राख मिळते. पहिल्या भागाच्या शेवटी विजय त्यांच्यासमोर अर्धवट कबुली देऊन माफी मागतो, तो सीन चालू असताना लोक चपला शोधत असतात आणि पुढच्याच मिनिटाला बॉडी कुठे पुरलीय ते कळलं की टाळ्या. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तरी त्या माफीवर थांबायला नको का? तब्बूला चार स्टार दिले, तिच्या दुःखाला चार ओळी नाहीत.

मीम्सचं तर बोलूच नका. दरवर्षी २ ऑक्टोबरला सकाळपासून सत्संग आणि पावभाजी सुरू (विजयने रचलेल्या बनावात घरचे सत्संगाला गेलेले आणि पावभाजी खाल्लेली), गांधीजयंतीला अख्खा देश एका खोट्या अ‍ॅलिबीची वर्षगाठ साजरी करतो. मीही फॉरवर्ड करतो, गंमत आहे खरी.

पण तुमच्या पेपरात जेव्हा 'दृश्यम स्टाईल खून' अशी हेडिंग येते तेव्हा गंमत वाटत नाही. खाली बातमी वाचावी तर नवऱ्याने बायकोला मारून जमिनीत पुरलेलं असतं, नाहीतर पैशासाठी मित्राचा काटा काढलेला असतो. त्यात कुठे मुलीला वाचवणारा बाप असतो सांगा. पिक्चर बघून गुन्हे होतात का या वादात मी पडत नाही, पण असल्या माणसाला त्या साळगावकरच्या रांगेत तुम्हीच नेऊन बसवता आणि जिला पुरली तिचं नाव शेवटच्या परिच्छेदात. ती हेडिंग बंद करा एवढी विनंती आहे. आणि पुढच्या भागावर परीक्षण लिहायला कोणाला पाठवाल तर त्याला सांगा की पडदा सोडून थोडं मागे वळून पब्लिककडेही बघ, कुठल्या सीनला कोण गप्प बसलं तेही लिहून आण.

आपला,
एक वाचक, मालवण